'डिसअपिअर'च्या कसोटीवर पाच इंग्रजी शब्दकोश

एखादा शब्दकोश उपयोगाचा आहे का, हे त्यात अवघड शब्द शोधून कळत नाही. अवघड शब्दाला बहुतेक वेळा एकच अर्थ असतो आणि तो कुठलाही कोश देतो. कस लागतो तो साध्या, रोजच्या क्रियापदावर. म्हणून या परीक्षणासाठी 'डिसअपिअर' हे क्रियापद घेतलं आहे आणि सोबत त्याचं जवळचं भावंड 'व्हॅनिश'. दोन्हींचा अर्थ शाळेपासून पाठ असतो: गायब होणे. तरीही 'माझी किल्ली गायब झाली आहे' हे इंग्रजीत लिहायला बसलं की 'माय की इज डिसअपिअर्ड' असं वाक्य उतरतं आणि ते चुकतं. अर्थ ठाऊक असूनही वाक्य चुकतं, याचा अर्थ कोशात अर्थाच्या शेजारी जे असतं ते आपल्यापर्यंत पोहोचलेलं नाही. ते कोणता कोश नीट पोहोचवतो, एवढंच इथे तपासलं आहे.

समोर ठेवले ते ऑक्सफर्डचा 'अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स', लाँगमनचा 'कंटेम्पररी इंग्लिश', कॉलिन्सचा 'कोबिल्ड', केंब्रिजचा ऑनलाइन कोश आणि अमेरिकी 'मेरियम-वेबस्टर'. पाचही संकेतस्थळांवर फुकट वाचता येतात. त्यांच्या जोडीला इंग्रजी-मराठी अ‍ॅप आणि यंत्रानुवाद यांचाही विचार केला आहे, कारण प्रत्यक्षात बहुतेकांचं बोट आधी तिकडेच जातं.

आधी कसोटीचा दगड नीट पाहून घेऊ. 'अपिअर' म्हणजे दिसू लागणे. त्याला 'डिस' हा उपसर्ग लागला आहे. स्पेलिंगचा गोंधळ इथेच सुटतो. 'डिस' पूर्ण लिहून झालं की 'अपिअर' जसाच्या तसा जोडायचा, म्हणजे एस एकच राहतो आणि पी दोन राहतात. दोन एस किंवा एक पी, या दोन्ही चुका सर्रास होतात आणि दोन्हींवर इलाज हाच. 'डिसअपॉइंट'लाही तोच नियम लागू आहे. उच्चार तीन तुकड्यांत होतो, डिस-अ-पिअर, आणि जोर शेवटच्या तुकड्यावर येतो. भूतकाळी रूप 'डिसअपिअर्ड' हे 'ड'ने संपतं, पण 'व्हॅनिश'चं 'व्हॅनिश्ट' हे 'ट'ने, जरी स्पेलिंगच्या शेवटी दोन्हीकडे ई-डीच असलं तरी. 'व्हॅनिशेड' असा तीन तुकड्यांचा उच्चार करू नये. ब्रिटिश उच्चारात शेवटचा 'र' जवळजवळ ऐकूच येत नाही, अमेरिकी उच्चारात तो स्पष्ट येतो. उच्चाराच्या बाबतीत पाचही कोशांत ध्वनिमुद्रण आहे, त्यामुळे इथे कुणाला डावं-उजवं करण्याचं कारण नाही.

खरी परीक्षा अर्थाची. 'डिसअपिअर' हा एक शब्द तीन वेगळ्या गोष्टी सांगतो. जहाज क्षितिजापलीकडे जातं तेव्हा ते बुडालेलं नसतं, आपल्याला दिसत नसतं एवढंच. अंगावरचं पुरळ जातं तेव्हा ते कुठे लपलेलं नसतं, ते उरलेलंच नसतं. आणि टेबलावर ठेवलेली किल्ली जाते तेव्हा ती अस्तित्वात असते, कुणाला तरी दिसतही असेल, पण शोधणाऱ्याला मिळत नाही. इंग्रजी तिन्हीकडे 'डिसअपिअर' वापरतं. मराठीकडे मात्र या तिघांसाठी एकाच साच्यातून काढलेले तीन शब्द तयार आहेत: दिसेनासा होणे, नाहीसा होणे, सापडेनासा होणे. 'दिसेना' म्हणजे दिसत नाही अशी अवस्था. तिला 'सा' लागला की तिचं विशेषण होतं आणि ते लिंगाप्रमाणे बदलतं. तारा दिसेनासा होतो, होडी दिसेनाशी होते, जहाज दिसेनासं होतं. 'नाहीसा' थेट 'नाही'वरून आला आहे. इंग्रजी कोशातली 'डिसअपिअर'ची नोंद वाचताना प्रत्येक उदाहरणाशेजारी या तिघांपैकी कोणता शब्द बसतो हे मनात म्हणून पाहावं. कोशाने अर्थांची विभागणी नीट केली आहे की नाही, हे दोन मिनिटांत कळतं.

'गायब' हा शब्द मूळ अरबी, अर्थ 'हजर नसलेला'. तो या तिन्ही जागी चालतो म्हणूनच द्विभाषिक कोशात सर्वांत वर बसतो आणि म्हणूनच शिकणाऱ्याला फारसं काही सांगत नाही. माणसाच्या बाबतीत तर शब्द निवडताना जपूनच राहावं लागतं. ज्याचा शोध चालू आहे तो बेपत्ता, कायद्याला चुकवून पळालेला तो फरार, आत्ता इथून सटकला तो पसार, आणि देव किंवा ऋषी असतील तर ते अंतर्धान पावतात. भाषा किंवा प्राणी लुप्त होतात, नामशेष होतात. इंग्रजी 'डिसअपिअर'मध्ये दोषारोप नसतो. 'द मॅन डिसअपिअर्ड'चं भाषांतर 'तो माणूस फरार झाला' असं केलं तर मूळ वाक्यात नसलेला आरोप आपण त्याच्यावर ठेवतो. फरार होण्यासाठी इंग्रजीत 'अ‍ॅब्स्कॉन्ड' हे वेगळं क्रियापद आहे.

आता ऑक्सफर्ड. हा कोश मुळात ए. एस. हॉर्नबी यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर जपानमध्ये, जपानी विद्यार्थ्यांना डोळ्यांपुढे ठेवून तयार केला. तिथे तो १९४२ साली निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो आपल्याकडून प्रसिद्ध केला. परभाषकाचं अडतं ते क्रियापदाच्या वाक्यरचनेत, हे हॉर्नबींनी ओळखलं होतं आणि तो ठसा आजच्या आवृत्तीवरही आहे. 'डिसअपिअर'चे वर सांगितलेले तिन्ही अर्थ इथे वेगवेगळे दिले आहेत आणि समानार्थी म्हणून 'व्हॅनिश' तिथल्या तिथे जोडला आहे. पण सर्वांत मोलाचा आहे तो नोंदीतला एक छोटासा शब्द, जो वाचणारे हमखास ओलांडून जातात: 'इंट्रान्झिटिव्ह', म्हणजे अकर्मक.

त्या एका शब्दात दोन चुकांचं उत्तर आहे आणि त्यांच्या सोबतीने आणखी दोन चुका येतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

अकर्मक क्रियापदाचा कर्मणी प्रयोग होत नाही. त्यामुळे 'इज डिसअपिअर्ड', 'वॉज डिसअपिअर्ड', 'गॉट डिसअपिअर्ड' ही तिन्ही रूपं किल्लीसाठी बाद. मराठीत 'गायब' हे विशेषण आहे आणि त्याला 'आहे' किंवा 'झाली' लागतं. तेच 'इज' आणि 'गॉट' होऊन इंग्रजीत शिरतं. बरोबर वाक्य 'माय की हॅज डिसअपिअर्ड'. 'गायब आहे' ही अवस्थाच सांगायची असेल तर क्रियापद बदलायचं: 'माय की इज मिसिंग' किंवा 'माय की इज गॉन'.

दुसरी चूक कर्म जोडण्याची. 'त्याने माझं पेन गायब केलं' याचं 'ही डिसअपिअर्ड माय पेन' होत नाही. 'ही मेड माय पेन डिसअपिअर' असं म्हणावं लागतं. इथे 'मेड'नंतर 'टू' येत नाही, पण वाक्य फिरवलं की तोच 'टू' परत येतो: 'द कॉइन वॉज मेड टू डिसअपिअर'. जादूगाराच्या प्रयोगाचं वर्णन करताना ही जोडी नेमकी लागते.

तिसरी चूक काळाची आणि ती सर्वांत चिवट आहे. 'तो दोन दिवसांपासून गायब आहे' याचं 'ही हॅज डिसअपिअर्ड सिन्स टू डेज' असं भाषांतर केलं जातं. 'डिसअपिअर' ही एका क्षणात घडणारी क्रिया आहे, ती दोन दिवस चालू राहू शकत नाही. चालू राहते ती नसण्याची अवस्था. म्हणून एक तर क्षण सांगायचा, 'ही डिसअपिअर्ड टू डेज अगो', नाहीतर अवस्था सांगायची, 'ही हॅज बीन मिसिंग फॉर टू डेज'. 'सिन्स' हवाच असेल तर त्याच्यापुढे सुरुवातीचा बिंदू येतो, 'सिन्स मंडे', कालावधी नाही. 'इज डिसअपिअरिंग' हे रूप मात्र चालतं, पण हळूहळू होणाऱ्या ऱ्हासासाठी: हिमनद्या, जंगलं, बोली.

चौथी चूक बोलण्यातली. 'कुठे गायब झाला होतास?' यातल्या 'झाला होतास'मुळे 'व्हेअर हॅड यू डिसअपिअर्ड?' तोंडात येतं. मराठीत हा 'होता' नुकत्याच संपलेल्या गोष्टीलाही सहज लागतो. इंग्रजी 'हॅड'ला मात्र भूतकाळातली आणखी एक घटना समोर असावी लागते. स्वाभाविक इंग्रजी आहे 'व्हेअर डिड यू डिसअपिअर टू?'. शेवटचा 'टू' विसरू नये. 'कुठे'मधला दिशेचा अर्थ तोच सांभाळतो. आणि सहज विचारपूस असेल तर 'व्हेअर हॅव यू बीन?' हे त्याहून बरं.

यातल्या पहिल्या दोन चुका 'अकर्मक' या शिक्क्याशी थेट जोडलेल्या आहेत, पण कोश तो शिक्का मारून पुढे जातो. त्याचा अर्थ काय आणि त्यामुळे काय म्हणता येत नाही, हे शिकणाऱ्याने स्वतः काढायचं असतं. ऑक्सफर्डचं एवढं उणं धरायला हवं. चुकीचं वाक्य फुली मारून दाखवण्याची सोय अशा क्रियापदांना सरसकट मिळायला हवी होती.

लाँगमनचा पहिला कोश १९७८ चा. त्याची ओळख म्हणजे व्याख्या लिहायला वापरलेले सुमारे दोन हजार ठरावीक शब्द. फायदा असा की 'डिसअपिअर'ची व्याख्या समजून घ्यायला दुसरा शब्द उघडावा लागत नाही. 'व्हॅनिश'ला अर्थ 'डिसअपिअर' आणि 'डिसअपिअर'ला अर्थ 'व्हॅनिश', अशी जी फिरकी छोट्या कोशांत होते ती इथे होत नाही. नवशिक्याला, विशेषतः मराठी माध्यमातून आलेल्याला, इंग्रजीतून इंग्रजी कोश वाचण्याची भीती घालवायची असेल तर आमचं मत लाँगमनला.

लाँगमनची दुसरी जमेची बाजू म्हणजे जोडून येणारे शब्द तो नोंदीतच ठळक करतो. 'डिसअपिअर फ्रॉम व्ह्यू' आणि 'डिसअपिअर फ्रॉम साइट' यांत 'द' येत नाही. हे तयार जोड तसेच उचलायचे. 'विदाउट ट्रेस' आणि 'विदाउट अ ट्रेस' दोन्ही चालतात: मागमूस न ठेवता. 'डिसअपिअर इनटू थिन एअर' म्हणजे हवेत विरून जाणे, जे मराठीतही अगदी असंच म्हणतो. 'डिसअपिअर ऑफ द फेस ऑफ द अर्थ' हे ज्याचा काहीच ठावठिकाणा लागत नाही त्याच्यासाठी. असे वाक्प्रचार शोधताना एक अडचण सगळ्याच कोशांत येते. ते क्रियापदाखाली नसून जोडातल्या दुसऱ्या एखाद्या शब्दाखाली असू शकतात. 'थिन एअर' क्रियापदाखाली सापडलं नाही तर 'थिन' किंवा 'एअर' उघडावं, 'फेस ऑफ द अर्थ'साठी 'फेस' किंवा 'अर्थ'. नोंद नाही असं समजून कोश बंद करू नये.

कोबिल्ड हा या पाचांतला सर्वांत वेगळ्या चालीचा कोश. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली, संगणकात साठवलेल्या खऱ्या मजकुरांच्या आधारावर तो तयार झाला आणि १९८७ मध्ये पहिल्यांदा निघाला. त्याची व्याख्या पूर्ण वाक्यात असते: अमुक कोणी किंवा काही तमुक करतं तेव्हा काय होतं, अशा धाटणीची. याचा फायदा 'डिसअपिअर'सारख्या शब्दाला फार होतो, कारण कर्त्याच्या जागी कोण बसतं आणि कर्माची जागाच नाही, हे व्याख्येतूनच दिसतं. व्याकरणाची संज्ञा न वाचताही रचना कानावर पडते. पहिल्या छापील आवृत्तीत तर व्याकरणाच्या खुणांसाठी मजकुराशेजारी वेगळा अरुंद स्तंभच होता.

कोबिल्ड वाचताना खरं लक्ष द्यावं ते क्रियापदामागून येणाऱ्या शब्दयोगींकडे. 'डिसअपिअर' एकटं फार थोड्या वेळा येतं. गर्दीत किंवा धुक्यात शिरून दिसेनासं झालं तर 'इनटू', ढगाआड गेलं तर 'बिहाइंड', पाण्याखाली गेलं तर 'अंडर' किंवा 'बिनीथ', क्षितिजापलीकडे 'ओव्हर', वळणावरून 'राउंड द कॉर्नर', गल्लीतून पुढे पुढे जात 'डाउन', दारातून 'थ्रू'. ज्या ठिकाणाहून गेलं ते सांगायला 'फ्रॉम'. मराठीत हेच काम '-त', '-आड', '-खाली', '-पलीकडे', '-तून' करतात, पण एकास एक जुळवायला गेलं की घसरायला होतं. 'तो गर्दीत दिसेनासा झाला' यातल्या 'गर्दीत'चं 'इन द क्राउड' करणं ही नेहमीची चूक. आत शिरण्याची हालचाल आहे म्हणून 'इनटू द क्राउड' हवं. 'इन' ठेवलं तर तो आधीपासूनच गर्दीत होता आणि तिथेच हरवला, असं वाक्य होतं. दोन अक्षरांच्या 'टू'ने चित्र बदलतं.

आणखी एक शब्दयोगी आहे, बोलीतला: 'ऑन'. 'डोन्ट डिसअपिअर ऑन मी' म्हणजे मला असं अधांतरी सोडून नाहीसा होऊ नकोस. इथे 'ऑन'मुळे ज्याचं नुकसान होतं तो माणूस वाक्यात येतो. इंग्रजी-मराठी कोशात हे सहसा सापडत नाही. शब्दशः 'माझ्यावर गायब होऊ नकोस' असं भाषांतर दिसलं तर चूक कुठून आली ते आता कळेल.

केंब्रिजच्या संकेतस्थळावर इंग्रजी व्याख्येखाली मराठीसह अनेक भाषांतले प्रतिशब्द मिळतात आणि शब्दाला किंवा अर्थाला ए-वन (सर्वांत सोपी) ते सी-टू (सर्वांत वरची) अशी पातळीची खूण असते. शिक्षकांना ही खूण पाठ आखताना कामाची आहे. पण आमचा सल्ला असा की मराठी प्रतिशब्दाकडे उडी मारण्याआधी वरची इंग्रजी नोंद आणि उदाहरणं वाचावीत. प्रतिशब्द अर्थ सांगतो, वाक्य कसं बांधायचं ते सांगत नाही. आणि चुका वाक्यातच होतात.

मेरियम-वेबस्टर या रांगेत का आणला, याचं कारण त्याच्या नोंदीचा शेवटचा भाग. अकर्मक अर्थ दिल्यावर हा कोश 'डिसअपिअर'चा सकर्मक वापरही नोंदवतो: एखाद्याला नाहीसं करणं. वर ज्याला चूक म्हटलं तीच रचना इथे कोशात आहे, आणि गोंधळ होतो तो नेमका इथेच.

हा सकर्मक वापर पेन-किल्लीसाठी नाही. १९७६ ते १९८३ या काळात आर्जेन्टिनात लष्करी राजवटीने हजारो माणसं उचलून नेली. त्यांना कुठे ठेवलं, काय केलं, हे कुणालाही सांगितलं नाही. त्यांना स्पॅनिशमध्ये 'देसापारेसिदोस' म्हणतात, म्हणजे नाहीसे केलेले. १९७७ च्या एप्रिलपासून त्यांच्या आया ब्युनोस आयर्समधल्या प्लाझा दे मायो या चौकात जमू लागल्या. सरकारी चौकशी आयोगाने १९८४ मध्ये जवळपास नऊ हजार प्रकरणं नोंदवली. मानवी हक्क संघटना तीस हजारांचा आकडा सांगतात. इंग्रजीत 'द डिसअपिअर्ड' हे नाम आणि 'ही वॉज डिसअपिअर्ड' ही कर्मणी रचना रुळली ती प्रामुख्याने या संदर्भातून. तसा सकर्मक वापर त्याआधीचाही आहे. जोसेफ हेलर यांच्या १९६१ च्या 'कॅच-२२' कादंबरीत तो येतो आणि तिथली पात्रंही हे व्याकरणात बसत नाही म्हणून अडतात. व्याकरण मोडणं हाच त्या रचनेचा अर्थ आहे. माणूस आपण होऊन नाहीसा झाला नाही, त्याला कुणीतरी नाहीसं केलं, हे अकर्मक रचनेत सांगता येत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २००६ च्या डिसेंबरात या गुन्ह्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला आणि २०१० च्या डिसेंबरात तो लागू झाला. त्यातला 'एन्फोर्स्ड डिसअपिअरन्स' हा शब्द बातम्यांत येतो तेव्हा त्याचं 'गायब होणे' किंवा 'बेपत्ता होणे' असं भाषांतर करू नये. 'होणे' म्हटलं की करणारा सुटतो. 'सक्तीने बेपत्ता करणे' यात तो राहतो. अनुवादकाने, बातमीदाराने हा एक 'करणे' जिवापाड जपावा. त्यासाठी तरी सकर्मक अर्थ नोंदवणारा कोश हाताशी हवा, आणि शिकणाऱ्याने त्या नोंदीवरून किल्लीसाठी परवाना मिळाला असं समजू नये.

'व्हॅनिश'बद्दल कोशांत फरक थोडा आहे, पण एक गोष्ट सगळ्यांत वाचायला मिळते: अचानकपणा आणि न उलगडणं. 'डिसअपिअर' हळूहळूही होतं आणि समजण्यासारख्या कारणाने होतं. 'व्हॅनिश' म्हटलं की ऐकणारा 'कसं काय?' असं विचारतो. सूर्य ढगाआड गेला तर 'डिसअपिअर' पुरतं. मूळ लॅटिन शब्दात 'रिकामा' असा अर्थ आहे आणि गणितात तो जवळजवळ तसाच टिकला आहे: फल (फंक्शन) अमुक बिंदूला 'व्हॅनिश' होतं म्हणजे त्याची किंमत शून्य होते. यंत्रानुवाद इथे 'फल गायब होते' असं देऊ शकतो. गणिताचं पुस्तक भाषांतरित करताना हे डोळ्यांत तेल घालून पाहावं. चित्रकलेतला 'व्हॅनिशिंग पॉइंट' म्हणजे समांतर रेषा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात तो बिंदू.

विशेषण म्हणूनही दोघांची चाल वेगळी आहे. नामाआधी 'व्हॅनिश्ट' सहज बसतं, 'अ व्हॅनिश्ट सिव्हिलायझेशन'. तिथे 'डिसअपिअर्ड' घातलं तर कानाला खटकतं आणि माणसाबाबत घातलं तर वर सांगितलेला राजकीय अर्थ उभा राहतो. 'डिसअपिअरिंग' मात्र नामाआधी चालतं. व्हॉट्सअ‍ॅपने २०२० च्या नोव्हेंबरात आणलेली 'डिसअपिअरिंग मेसेजेस'ची सोय हे रोजचं उदाहरण. आधी मुदत सात दिवसांचीच होती, पुढच्या वर्षी चोवीस तास आणि नव्वद दिवस हे पर्याय आले. इथला अर्थ नाहीसा होण्याचा आहे, दिसेनासा होण्याचा नाही. संदेश संभाषणातून पुसला जातो. कुणी स्क्रीनशॉट काढून ठेवला असेल तर तो मात्र राहतो.

जवळच्या शब्दांचं कोडंही कोशाने सोडवायला हवं, आणि इथे लाँगमन आणि ऑक्सफर्ड दोघेही समानार्थी शब्दांच्या चौकटी देऊन मदत करतात. रंग, आवाज, आठवण हळूहळू जाते ती 'फेड'. औषधाचा परिणाम ओसरतो तो 'वेअर ऑफ'. प्रथा किंवा प्राणिजात संपते ती 'डाय आउट'. दुखणं जातं ते 'गो अवे', आणि डॉक्टरांशी बोलताना 'द पेन डिसअपिअर्ड'पेक्षा 'द पेन वेंट अवे' जास्त सहज वाटतं. संदेशांना उत्तर देणं बंद करून संबंध तोडणं याला आता 'घोस्ट' हे क्रियापद आहे. मेरियम-वेबस्टरने ते २०१७ मध्ये दाखल केलं. गंमत म्हणजे हे सकर्मक आहे. 'ही डिसअपिअर्ड मी' चुकीचं, 'ही घोस्टेड मी' बरोबर.

राहिले इंग्रजी-मराठी अ‍ॅप. त्यांचा नेहमीचा दोष म्हणजे 'गायब होणे, अदृश्य होणे, लुप्त होणे, अंतर्धान पावणे' अशी स्वल्पविरामांची माळ. यातला कोणता कुठे, याची एकही खूण नसते. परिणाम असा की चहाचा कप अंतर्धान पावतो आणि ऋषी गायब होतात. घाईत अर्थ पाहायला अ‍ॅप ठीक आहे. लिहायला घ्यायचं असेल तर त्याची आधी पाच मिनिटं परीक्षा घ्यावी. 'डिसअपिअर' उघडून पाहा: अर्थ वेगळे क्रमांक देऊन दिले आहेत का, अकर्मक अशी खूण आहे का, पूर्ण वाक्याचं निदान एक उदाहरण प्रत्येक अर्थाला आहे का, आणि त्या उदाहरणात 'फ्रॉम', 'इनटू' असं काही मागून येतं का. चारपैकी दोन गोष्टीही नसतील तर ते अ‍ॅप लिहिण्यासाठी वापरू नये. यंत्रानुवाद वापरायचाच असेल तर मराठी वाक्य देताना 'गायब'ऐवजी 'दिसेनासा', 'नाहीसा', 'सापडत नाही' यांपैकी नेमका शब्द द्यावा. आत गेलेला अर्थ नेमका असेल तर बाहेर येणाऱ्या इंग्रजीत चुकण्याच्या जागा कमी राहतात.

एकच कोश ठेवायचा असेल तर लिहिणाऱ्याने कोबिल्ड ठेवावा, नवशिक्याने लाँगमन. परीक्षेची तयारी करणाऱ्याला ऑक्सफर्डची मांडणी सोयीची पडेल. बातम्यांचा किंवा कायद्याचा अनुवाद करणाऱ्याने जोडीला मेरियम-वेबस्टर उघडा ठेवावा. केंब्रिज मराठी प्रतिशब्दासाठी दुसऱ्या क्रमांकावर.

आणि इंग्रजीतून मराठीत येणाऱ्यांनी उलट्या बाजूचा कोश विसरू नये. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, पहिली आवृत्ती १८३१ आणि वाढवलेली दुसरी १८५७, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. सुचलेला मराठी शब्द तिथे टाकून त्याच्या छटा तपासता येतात. शोधताना क्रियापद जुन्या लेखनाप्रमाणे, म्हणजे 'णे'वर अनुस्वार देऊन लिहावं. 'दिसणे' असं टाकून काहीच मिळालं नाही तर 'दिसणें' टाकून पाहावं.